मांजराचा डोळा चिकटलाय?

नांदेड-लातूरच्या मांजरप्रेमींनो, पिल्लू एक डोळा मिचकावत असेल तर ‘धूळ गेली असेल’ म्हणून सोडू नका. पिल्लांमध्ये बऱ्याचदा कारण हर्पिस विषाणूची सर्दी असते. सोबत शिंका, पिवळी चिपडं. आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आला तर ती तिसरी पापणी, ओढू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. घरातले स्टिरॉइडचे थेंब अजिबात नकोत! बुबुळावर जखम असेल तर ती चिघळून डोळा जाऊ शकतो. डोळा उघडतच नसेल, निळसर-धुरकट झाला असेल किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लसीकरणाचंही तेव्हाच विचारून घ्या.