सातासमुद्रापारचा खर्ज

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हवेतून जाणारी त्या स्वराची एक लहर सुमारे २७ फूट लांब असते. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये ती मावतच नाही. भिंतींवर आपटून परत येते, एखाद्या कोपऱ्यात भलतीच घुमते आणि दोन पावलं सरकलं की जवळजवळ नाहीशी होते. तरीही आज जगभर कितीतरी बेसवादक अशाच खोल्यांत बसून, घरची माणसं पलीकडे झोपलेली असताना, दुसऱ्या खंडातल्या गाण्यांसाठी खर्ज वाजवतात आणि सकाळपर्यंत पाठवूनही देतात. शेजाऱ्यांना चाहूलही लागत नाही.

हे जमतं, कारण रेकॉर्ड होताना तो स्वर हवेत उतरतच नाही. बेसच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला नियम तो हाच. कोयनेच्या जनित्रात तोच, बोटाखालच्या तारेतही तोच. ही वीज केबलमधून ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या डब्यात जाते. तिथे तिची पातळी सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणीसाठी एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पायऱ्या उपलब्ध असतात. तार बोटाच्या मांसल भागाने छेडली की कडेने, हेसुद्धा त्या आकड्यांत उतरतं. चार मिनिटांच्या गाण्याचा सगळा खर्ज ३५ एमबीच्या आसपासच्या फाइलमध्ये बसतो.

स्वर हवेत न उतरवता टिपण्याची ही युक्ती संगणकाच्या जमान्यातली वाटते, पण ती तितकी नवी नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ एका राहत्या वस्तीतल्या घरामागच्या गॅरेजमध्ये होता. छतावरून लोंबणाऱ्या केबल्समुळे वादक त्याला 'सापांचा खड्डा' म्हणत. साठच्या दशकात तिथे बेस गिटार आणि इतर गिटारी अ‍ॅम्प्लिफायरसमोर माइक ठेवून नव्हे, तर थेट रेकॉर्डिंगच्या यंत्रणेत जोडून टिपल्या जायच्या. तिथले बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन बेस वाजवत. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने. तारा जुन्या झाल्या तरी सहसा बदलत नसत, कारण मळलेल्या, मुरलेल्या तारांचा गोल, बुजरा नाद त्यांना हवा असायचा. मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर, सुप्रीम्स यांच्या ज्या गाण्यांवर जग नाचलं, त्यांतल्या कित्येकांच्या तळाशी ही एक तर्जनी आहे.

ते वाद्यही तेव्हा पोरसवदाच होतं. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१ मध्ये. त्याआधी खर्जासाठी माणसाहून उंच डबल बेस उभा करून वाजवावा लागे. फेंडरच्या बेसला गळ्यावर पडदे होते, त्यामुळे स्वर नेमका लागायचा आणि वाद्य खांद्याला लटकवून कुठेही नेता यायचं. योगायोग असा की त्याच वर्षी लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांचं 'हाउ हाय द मून' हे गाणं अमेरिकेत गाजलं. त्यात एकाच माणसाने वाजवलेल्या अनेक गिटारी आणि एकाच गायिकेचे अनेक आवाज थरावर थर चढवून रेकॉर्ड केले होते. आधी वाजून गेलेल्या संगीतावर नंतर वाजवता येतं, हे त्या गाण्याने लाखो लोकांच्या कानांवर घातलं. घरी बसून परदेशी गाण्यासाठी बेस वाजवणारा आजचा वादक या दोन्ही गोष्टींचा वारसदार आहे.

मुंबईत मात्र पुढची कित्येक वर्षं याच्या उलट रीत होती. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुलदेव बर्मन यांचं गाणं रेकॉर्ड व्हायचं तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी वाजवत-गात. टोनी वाझ बेसवर, मारुतीराव कीर तालवाद्यांवर, शिवाय व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, त्यांत नोटेशन वाचून वाजवणारे कितीतरी गोवेकर. शेवटच्या कडव्यात एकाची चूक झाली तरी सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागे. त्या पद्धतीत एक मोठी सोय होती. मान किंचित हलली, भुवई उंचावली की बाकीच्यांना इशारा कळायचा.

मग आजच्या इंटरनेटवरून तसंच एकत्र का वाजवू नये? पुण्यातला बेस, लंडनमधला ड्रम, दोघे एकाच वेळी? इथे अडचण नेटच्या पॅकची नाही, निसर्गाची आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-लंडन अंतर सरळ रेषेत ७,००० किलोमीटरच्या वर. म्हणजे आदर्श केबल टाकली तरी एका बाजूचा प्रवास ३५ मिलिसेकंदांच्या खाली येत नाही, आणि खऱ्या केबल्स वळसे घेत जातात. एकमेकांचा आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांहून उशिरा ऐकू येऊ लागला की वादक नकळत एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय मंदावत जाते. कितीही पैसे ओतले तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

म्हणून या वादकांनी एकत्र वाजवण्याचा नादच सोडला. समजा, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या कुणी गाणं तयार केलंय. ड्रम वाजून झाले, गिटार झाली, कच्चा गळाही झाला. पुण्यातल्या वादकाला तो हे सगळे ट्रॅक पाठवतो, सोबत लय किती, कॉर्ड कोणत्या, हे लिहिलेला कागद. दोन शहरांच्या वेळेत साडेदहा ते साडेअकरा तासांचा फरक, त्यामुळे एकाची रात्र ती दुसऱ्याची कामाची वेळ. पाठवलेली प्रत्येक फाइल नेमक्या एकाच क्षणापासून सुरू झालेली असते, आणि परत जाणारी बेसची फाइलही तिथूनच सुरू व्हावी लागते. बेसचा पहिला स्वर ४० सेकंदांनी येणार असेल तर आधीची ४० सेकंदांची शांतताही रेकॉर्ड करून पाठवायची. ती शांतता कापली तर पलीकडच्याला बेस कुठे ठेवायचा हे कळणार नाही.

आता एकच आवर्तन जवळून पाहू. लय मिनिटाला १०० मात्रांची, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. पहिल्या मात्रेवर किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ठोका पडतो, तिथेच बेसचा स्वर येतो. दुसऱ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजवायच्या ड्रमचा, कडक आघात. आपण समजतो की बेसवादकाची कमाल स्वर सुरू करण्यात आहे. माझ्या मते ती त्याहून जास्त स्वर थांबवण्यात आहे. स्नेअर पडताक्षणी डाव्या हाताचं बोट किंचित उचलून तार मुकी केली, तर स्नेअर मोकळ्या जागेत पडतो आणि गाणं टणक, नाचरं होतं. तोच स्वर स्नेअरवरून पुढच्या मात्रेपर्यंत वाहू दिला, तर तेच गाणं जड, सुस्कारा टाकल्यासारखं ऐकू येतं. दोन्ही वेळा स्वर तोच, लय तीच, ड्रमही तेच. सुरुवातीचंही असंच. स्वर किकच्या १० मिलिसेकंद मागे ठेवला की गाणं ऐसपैस बसतं, तेवढाच पुढे नेला की घाई जाणवते. हा सगळा खेळ त्या ४८,००० मोजण्यांपैकी ४८० मोजण्यांत चालतो.

आणि हे तो कुणाच्या संगतीत करतोय? ज्याला कधी पाहिलं नाही, बहुधा पाहणारही नाही, अशा ड्रमरच्या. नजरानजर नाही, इशारा नाही. म्हणून चांगले वादक आधी वाद्याला हात न लावता गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात. या माणसाचा किक जरा लवकर पडतो, ध्रुवपद आलं की तो उत्साहाने पुढे सरकतो, तिसऱ्या कडव्यापर्यंत दमतो. अनोळखी हाताची सवय अशी कानाने ओळखायची आणि तिच्याशी जमवून घ्यायचं. ड्रम मागच्या आठवड्यात वाजला, बेस काल रात्री, गळा आणखी महिन्याभराने नव्याने गायला जाईल. ऐकणाऱ्याला मात्र सगळे एका खोलीत, एका श्वासात वाजवताना दिसतात. तो क्षण प्रत्यक्षात कधी घडलेलाच नसतो, तरी त्याची लय खरी असते. याहून मोठं आश्चर्य मला आजच्या संगीतात दिसत नाही.

घरच्या स्टुडिओत एक बिनबोलावलेला सूरही असतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि पिकअपचे वेढे ती गुणगुण इमानेइतबारे टिपतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाचचा खालचा स्वर ४९ कंपनांचा, म्हणजे भारतातली वीज पांढरी पाचच्या किंचित वर गुणगुणते. अमेरिकेतली वीज ६० कंपनांची. तिचा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो, कुठल्याच पट्टीवर नाही. पांढरी पाचमधल्या गाण्यावर इथली गुणगुण मिसळली तर षड्ज जरासा चढा असल्यासारखा कान खटकतो. यावरचा उपाय फेंडरने १९५७ मध्ये आपल्या बेसमध्ये आणला. प्रिसिजन बेसचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला आणि त्यांचे वेढे व चुंबक असे उलटसुलट लावले की तारांचा सूर टिकतो, पण दोन तुकड्यांतल्या विजेच्या गुणगुणी एकमेकींना छेदून नाहीशा होतात. ज्या वाद्यात ही सोय नाही, ते वाजवणारे खुर्ची हळूहळू फिरवत गुणगुण कमीत कमी होते ती दिशा शोधतात आणि गाणं संपेपर्यंत तसेच तोंड करून बसतात.

इतकं करून हे गाणं बहुतेक जण ऐकतात कशावर? मोबाइलवर. त्याचा इवलासा स्पीकर शंभर कंपनांच्या खालचं जवळजवळ काहीच वाजवू शकत नाही. मग ४१ कंपनांचा तो स्वर आपल्याला कळतो कसा? जवारीदार तंबोऱ्यातून न छेडलेला स्वयंभू गंधार उमटतो, तो आपल्याला परिचित आहे. तारेच्या एका स्वरात वरचे अनेक उपस्वर दडलेले असतात, त्यांतलाच तो एक. बेसच्या तारेतही ८२, १२४, १६५, २०६ अशी उपस्वरांची शिडी असते. मोबाइल खालच्या पायऱ्या गाळतो आणि वरच्या तेवढ्या वाजवतो. पण मेंदू त्या पायऱ्यांमधलं अंतर ओळखतो, ते ४१ आहे हे त्याला उमगतं आणि तळाचा गैरहजर स्वर तो स्वतःच भरून काढतो. म्हणूनच जाणते वादक नादाला किंचित खरखर देतात. त्याने वरच्या पायऱ्या ठळक होतात आणि मोबाइलवरही खर्ज जागा होतो.

वादक सहसा दोन फाइली पाठवतो. एक त्याने घडवलेल्या नादाची, दुसरी पूर्णपणे कोरी, जशी तारेतून आली तशी. ती कोरी फाइल पलीकडचा माणूस नंतर कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. म्हणजे नाद निवडण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. पण बोटांतलं जे आहे ते बदलता येत नाही. लॉस एंजेलिसचे नामवंत बेसवादक लिलँड स्कलार यांच्या वाद्यावर एक बटण आहे, ते कशालाच जोडलेलं नाही. निर्मात्याने वेगळा नाद मागितला की ते सर्वांसमक्ष बटण खाली-वर करतात आणि हात थोडा वेगळा ठेवून वाजवतात. निर्मात्याला फरक ऐकू येतो आणि फरक खरोखरच पडलेला असतो, कारण हात बदललेला असतो.

या कामाचे पैसे बहुतेकदा गाण्यामागे एकदाच मिळतात आणि पुढे गाणं कितीही चाललं तरी वादकाचा त्याच्याशी संबंध उरत नाही. तो व्यवहार दोघांनी ठरवून केलेला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नावाबद्दल आहे. जेमरसन यांनी जवळजवळ सगळं साठचं दशक बिननावाने वाजवलं. मोटाउनच्या अल्बमवर वादकांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. त्या काळातल्या काही गाण्यांत बेस जेमरसन यांचा की लॉस एंजेलिसच्या कॅरल के यांचा, यावर आजही वाद होतात. दोघेही थोर, पण नोंदी धड नाहीत. तेव्हा निदान सगळे एका खोलीत तरी असायचे, कुणी वाजवलं हे कुणाच्या तरी आठवणीत राहायचं. आता वाजवताना कुणीच समोर नसतं. नाव लिहिलं गेलं नाही तर ते सांगू शकेल असा एकही साक्षीदार नसेल.

मराठीत आज घरच्या घरी गाणी करून प्रसिद्ध करणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही जण दूरच्या वादकांकडून साथ करून घेतात. त्यांना एवढीच विनंती: गाणं अपलोड करताना श्रेयांचा रकाना रिकामा सोडू नका. बेस कुणी वाजवला, ते पूर्ण नावानिशी लिहा.