धुके रंगवावे पांढऱ्या रंगाशिवाय

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु धुक्यात बुडालेली बेटे पाहण्यासाठी समुद्रच हवा असे नाही. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले, की पात्रातील वाळूचे उंचवटे लहान बेटांसारखे उघडे पडतात. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, पाणी मात्र तुलनेने उबदार राहते. त्यावरील दमट हवा थंडावून बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि पहाटे पात्रावर धुके तरंगू लागते. हे थेंब सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते.

जलरंगात हा पांढरेपणा कागदाचाच असतो. पांढरा रंग फासल्यास धुक्याला खडूसारखा जडपणा येतो. सरावासाठी ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद, कोबाल्ट ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग पुरेत. कागद ओला करून फळी किंचित उतरती ठेवावी व आकाशाचा फिकट हात द्यावा. कागदावरची चकाकी ओसरू लागली, की दूरचे बेट टेकवावे. त्याच्या कडा आपोआप विरघळतात. या वेळी कुंचल्यात कागदापेक्षा कमी पाणी असावे; अन्यथा पाणी रंगाला मागे ढकलते आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात. बेटाचा तळ स्वच्छ, दमट कुंचल्याने पुसट करावा. जवळचे बेट कागद वाळल्यावर, गडद आणि उबदार छटेत काढावे.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही वेळ साधणे कठीण. उन्हाळ्यात कागद पाहता पाहता सुकतो. अशा वेळी तो दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या पत्र्यावर चिकटवल्यास ओल अधिक काळ टिकते. एका कागदाचे आठ भाग करून प्रत्येकावर वेगळ्या ओलीत बेट टेकवून पाहणे, हा उत्तम सराव होय.

इंग्लंडच्या टर्नरने १८१९ मध्ये व्हेनिसमध्ये पाणी आणि आकाश यांची सीमारेषा मोजक्याच छटांनी विरघळवली. महाराष्ट्रात आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोल्हापूरचा कोटितीर्थ तलाव पुनःपुन्हा रंगवला. एकच जागा वेगवेगळ्या प्रहरी रंगवल्याने दृष्टी घडते.

जालन्यात या सरावाला आणखी एक अर्थ आहे. २०१२-१३च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक होता. पात्र कोरडे पडले, की असे धुकेही उठत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी लिहून ठेवावी. काही वर्षांनी ती चित्रे केवळ सरावाची राहत नाहीत. त्या वर्षी नदीत पाणी होते की नव्हते, याची ती नोंद ठरतात.