रविवारी ऱ्हाइनपार

जर्मनीच्या राज्यघटनेत रविवारला स्वतंत्र कलम आहे, ही गोष्ट तेथे शिकावयास निघालेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास क्वचितच कोणी आधी सांगते. १९१९ च्या वायमार घटनेतील हे कलम १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे कायम ठेवले, आणि त्यायोगे रविवार हा श्रमविश्रांतीचा व चित्ताच्या उन्नयनाचा दिवस म्हणून कायद्याने संरक्षित झाला. परिणाम असा, की शनिवारी रात्री किराण्याचे दुकान एकदा बंद झाले की ते सोमवारीच उघडते. कचेऱ्यांना कुलपे असतात. आणि वसतिगृहाच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकावा म्हटले, तरी शांतताभंगाची तक्रार घेऊन शेजारी दारात उभा राहतो. पुण्या-मुंबईच्या रविवारची सवय असलेल्या तरुणाला हा नीरवपणा आरंभी खावयास उठतो, आणि मग त्या दिवशीही गजबजलेले जे एक ठिकाण गावात उरते त्या रेल्वे स्थानकाकडे त्याची पावले वळतात.

जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. त्यांची घरी येणारी छायाचित्रे पाहून पालकांचा ग्रह होतो की पोरगा नुसता भटकतो आहे; परंतु या भटकंतीमागे केवढे दप्तर उभे असते, ते छायाचित्रात दिसत नाही. वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, जी अलीकडे ११,९०४ युरो आहे, एका बंदिस्त खात्यात आगाऊ भरावी लागते, व त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती पडतात. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या मुदतीत नगरकचेरीत पत्त्याची नोंद करून दाखला घ्यावा लागतो. आणि पुढे परकीयांच्या कचेरीकडून निवासाचा परवाना मिळवावा लागतो. त्यातही फ्रायबुर्गसारखे गाव पत्करले तर, ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीस १,५०० युरो शुल्क पडते. अन्य बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठे असे शुल्क घेत नाहीत.

तरीही फ्रायबुर्गचीच शिफारस करण्याचा मोह मला आवरत नाही, कारण १४५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे हे गाव अशा कोपऱ्यात वसले आहे की फ्रान्स व स्वित्झर्लंड या दोन्ही देशांत सकाळी जाऊन रात्री परतता येते. निवासाच्या परवान्यावर शेंगेन करारातील अन्य देशांत दर १८० दिवसांपैकी ९० दिवस हिंडण्याची मुभा असते. आणि मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले व २०२५ च्या आरंभी ५८ युरोंवर गेलेले मासिक जर्मनी तिकीट देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांना चालते. वेगवान गाड्यांना मात्र ते चालत नाही, आणि माझ्या मते हीच त्याची थोरवी आहे. कारण द्राक्षमळे, कारखान्यांची मागली अंगणे आणि शनिवारी सामन्याला निघालेले फुटबॉलचे भक्त यांचे दर्शन प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीतूनच घडते.

या गाडीने ऑफेनबुर्गला बदल करून केलला उतरावे आणि निराळे तिकीट काढून ट्राममध्ये बसावे. एप्रिल २०१७ पासून ही ट्राम ऱ्हाइनवरील पुलावरून थेट स्ट्रासबुर्गमध्ये नेते. ज्या नदीसाठी दोन राष्ट्रे पिढ्यान्‌पिढ्या झुंजली, ती आता काही क्षणांत ओलांडली जाते. १८७१ साली स्ट्रासबुर्ग जर्मनीकडे गेले, १९१८ त फ्रान्सकडे आले, १९४० त पुन्हा जर्मनांनी घेतले आणि १९४४ त पुन्हा फ्रान्सला मिळाले. म्हणजे १८७० साली तेथे जन्मलेल्या व दीर्घायुषी ठरलेल्या गृहस्थाला घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा राज्य बदललेले पाहावे लागले. शाकुंतलावर लुब्ध झालेला म्हणून आपल्याला परिचित असलेला गटे १७७० मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी येथेच आला होता. उंचीचे भय घालविण्यासाठी तो मुद्दाम येथील महामंदिराच्या मनोऱ्यावर चढे, आणि सवड काढून घोड्यावरून झेझेनहाइमला एका धर्मोपदेशकाच्या कन्येकडे जाई. विद्यार्थ्यांच्या सप्ताहांती प्रवासाची परंपरा किती जुनी व किती निष्पाप आहे, हे यावरून वाचकांनीच ठरवावे.

बाझेलची गोष्ट वेगळी. तेथील बाडिश स्थानक स्विस भूमीवर असून जर्मन रेल्वेच्या ताब्यात आहे, त्यामुळे जर्मनी तिकीट तेथवर चालते. स्वित्झर्लंड २००८ च्या अखेरीस शेंगेनमध्ये आले खरे, पण युरोपीय जकातसंघात नाही. म्हणून माणसांपेक्षा मांसाच्या वजनावर तेथे अधिक करडी नजर असते. स्विस नागरिक स्वस्त बाजारासाठी जर्मन हद्दीत लोटतात आणि आपला विद्यार्थी डबा बांधून उलट दिशेने जातो, कारण फ्रँकच्या हिशेबाने कॉफी पिणे ही चैन आहे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केल्यामुळे पारपत्र व परवाना मुळातले जवळ बाळगावेत. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर शिपायाचे समाधान होत नाही.

फ्रायबुर्ग, बाझेल, स्ट्रासबुर्ग, म्युलूझ आणि कार्ल्सरुह येथील विद्यापीठांनी १९८९ पासून ‘युकॉर’ नावाचा संघ केला आहे, आणि एका ठिकाणी दाखल झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या ठिकाणची व्याख्याने जादा शुल्काविना ऐकता येतात. रविवारी पाहिलेल्या गावी मंगळवारी शिकावयास जाण्याची ही सोय आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे वापरतात, याचे वाईट वाटते. पुष्कळांचा ओढा असतो तो बाझेलजवळ फ्रेंच भूमीवर असलेल्या आणि फ्रान्स व स्वित्झर्लंड मिळून चालवीत असलेल्या विमानतळाकडे: शुक्रवारी रात्री स्वस्त विमान, शनिवारी एक राजधानी, रविवारी दुसरी. एवढ्या धावपळीत पदरात पडतात ती बहुधा दोन्ही शहरांची बसस्थानके, आणि पिशवी दोन बोटे मोठी निघाल्याबद्दल भरलेला दंड.

जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाची कीर्ती मात्र आता जुनी झाली, तेव्हा रविवारी परतताना शेवटच्या गाडीवर विसंबू नये. गाडीला तासाभराचा उशीर झाला तर जर्मनी तिकीटधारकाला दीड युरो भरपाई मिळण्याचा हक्क आहे; पण चार युरोंखालील रक्कम दिली जात नसल्यामुळे असे तीन विलंब पदरी जमल्यावरच अर्ज करता येतो.