वेदना सांगण्यात लाज कसली?

"डॉक्टर, मला पूर्ण झोपवाल ना?" स्त्रीबीज काढण्याच्या आदल्या दिवशी एका भगिनीने मला विचारले. पूर्वी गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी करताना तिला असह्य दुखले होते. तेव्हा "एवढ्याने रडतेस, मग बाळंतपण कसे सोसशील?" असे तिला ऐकावे लागले. त्या एका वाक्यापायी तिने दोन वर्षे उपचारच टाळले.

१९८०च्या सुमारास स्त्रीबीज काढण्यासाठी पोटाला छिद्र पाडून दुर्बीण घालीत आणि पूर्ण भूल देत. आता सोनोग्राफीत पाहून योनिमार्गाने सुई घालतात. काम साधारण १५ ते २० मिनिटांचे, टाके नाहीत. तरीही सुई बीजांडकोशात शिरते, म्हणून दुखतेच.

किती दुखेल, हे मात्र प्रत्येकीचे वेगळे. एंडोमेट्रिऑसिस, ओटीपोटाची जुनी शस्त्रक्रिया किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्रास अधिक होऊ शकतो. मनातील धास्ती आणि आधीचा वाईट अनुभव यांनीही वेदना खरोखरच तीव्र जाणवते. तो नाजूकपणा नव्हे आणि नाटक तर नव्हेच.

म्हणूनच सर्वांना एकाच मापाची भूल चालत नाही. कोणाला जागा बधिर करणारे इंजेक्शन व हलकी गुंगी पुरते. कोणाला शिरेतून प्रोपोफॉलसारखे औषध देऊन गाढ झोपवावे लागते. गरजेपेक्षा जास्त औषधाने श्वास मंदावतो. त्यामुळे आम्ही भूलतज्ज्ञ वय, वजन, दमा, झोपेतील घोरणे व चालू गोळ्या विचारतो. मग नाडी, रक्तदाब व ऑक्सिजनवर लक्ष ठेवून औषध बेताबेताने वाढवतो.

भगिनींनो, पूर्वीच्या भुलीचा अनुभव, औषधाची ॲलर्जी आणि तंबाखू-मिश्रीची सवय लपवू नका. साधारणतः हलके अन्न ६ तास व साधे पाणी २ तास आधी बंद करावे लागते. तरी आपल्या डॉक्टरांची सूचना पाळा. घरी जाताना सोबत कोणीतरी हवेच. २४ तास वाहन चालवू नका. पोटदुखी वाढली, ताप आला किंवा रक्तस्राव जास्त झाला तर लगेच दवाखाना गाठा. पुढे गर्भ गर्भाशयात सोडताना बहुधा भूल लागत नाही.

त्या भगिनीला तिच्या बेताने भूल दिली. जाग येताच ती म्हणाली, "सुरू कधी करणार?" काम केव्हाच आटोपले होते. दोन वर्षांपूर्वी तिचे कोणी नीट ऐकले असते तर!