फाइल डिलीट केली, तरी पुश का होत नाही?

आज लॅपटॉप जवळ घेऊन बसा, नुसतं ऐकून भागणार नाही. कमांड मी बोलून सांगतोय, खाली तशाच उतरवल्यात.

प्रोजेक्टचं सबमिशन उद्यावर आलंय. कमिट झालं, पुश केलं, आणि गिटहबचं उत्तर आलं: फाइल १०० एमबीपेक्षा मोठी आहे, घेणार नाही. तुम्ही ती डेटासेटची फाइल डिलीट करता, पुन्हा कमिट, पुन्हा पुश. परत तोच एरर, त्याच फाइलच्या नावाने! अरे, फाइल फोल्डरमध्ये नाहीच, मग अडलंय कुठे?

अडलंय मागच्या कमिटमध्ये. कमिट तुमच्याच मशीनवर होतं, नेट बंद असलं तरी. पुश करताना मात्र आजचा फोल्डर जात नाही, न पोचलेल्या कमिटची अख्खी साखळी जाते. दुकानदाराच्या खातेवहीत चुकीची नोंद खोडत नाहीत, खाली उलटी नोंद टाकतात ना, तसंच हे. पहिल्या कमिटमध्ये फाइल आली, दुसऱ्यात गेली. पण पहिलं कमिट जागेवरच आहे, आणि फाइल त्याच्या पोटात.

म्हणून साखळीच उलगडायची. आधी फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवा. मग 'गिट स्टेटस' मारा. किती कमिट पुढे आहात ते तिथे दिसतं. समजा दोन. आता लिहा: 'गिट रीसेट डॅश डॅश सॉफ्ट हेड टिल्ड दोन'. टिल्ड म्हणजे एस्केपच्या खालच्या बटणावरची वळणदार रेघ. तुमचा कोड आहे तसाच राहतो, फक्त ते दोन कमिट सुटतात. सॉफ्टच्या जागी चुकूनही हार्ड लिहू नका, फोल्डरमधलं कामही मागे जाईल. मध्येच पुल करून मर्ज केलं असेल तर हा आकडा फसवतो, तेव्हा आधी 'गिट लॉग' बघा.

फाइल अजून फोल्डरमध्ये असेल तर 'गिट आरएम डॅश डॅश कॅश्ड' आणि पुढे फाइलचं नाव. फाइल डिस्कवर राहते, गिट तिला सोडतं. मग तिचं नाव गिटइग्नोरमध्ये टाका, नवं कमिट, पुश. बरेच जण फक्त गिटइग्नोरमध्ये नाव टाकून वाट बघतात. त्याने काही होत नाही, गिटने एकदा धरलेल्या फाइलला ते लागूच नसतं.

पासवर्ड बरोबर असूनही टर्मिनल नाही म्हणतंय? १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तिथे अकाउंटचा पासवर्ड घेत नाही. टोकन बनवा किंवा एसएसएच की लावा.

आणि 'रिजेक्टेड, फेच फर्स्ट' आलं तर पार्टनरने तुमच्या आधी पुश केलंय. आधी पुल करा. नेटवर कुणीतरी 'फोर्स लाव, होतंय' सांगेल. होतं खरं, पण पार्टनरचे कमिट सर्व्हरच्या ब्रँचवरून उडतात. ग्रुप प्रोजेक्टमधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होत असावीत, असा माझा अंदाज!

एक राहिलं. एपीआय की कोडमध्ये ठेवून पुश झाली असेल, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून उपयोग नाही. जुनं कमिट कुणीही उघडून वाचू शकतं, आणि रेपो पब्लिक असेल तर अख्खं जग. आधी त्या सर्व्हिसवर जाऊन ती की रद्द करा, नवी घ्या. हिस्टरी साफ करायचं काम त्यानंतर.

पुढच्या भागात मर्ज कॉन्फ्लिक्ट. भेटूच!