इराणी उपाहारगृहांचा उदय आणि ऱ्हास : एका कौटुंबिक व्यवसायपद्धतीचा विचार

प्रस्तावना

मुंबई आणि पुणे या शहरांच्या सामाजिक इतिहासात 'इराण्याचे हॉटेल' या शब्दप्रयोगाला स्वतंत्र स्थान आहे. संगमरवरी टेबले, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरील आरसे, बरण्यांतील बिस्किटे आणि गल्ल्यावर बसलेला मालक हे चित्र मराठी वाचकास परिचित आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत अशी सुमारे साडेतीनशे उपाहारगृहे होती व २००५च्या सुमारास त्यांपैकी जेमतेम पंचवीस उरली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे आकडे ढोबळ मानले तरी ऱ्हासाची दिशा निर्विवाद आहे.

या ऱ्हासाचे स्पष्टीकरण बहुधा 'लोकांची आवड बदलली' एवढ्या वाक्यात केले जाते. ते अपुरे आहे. चहा, पाव, आम्लेट व खिमा यांची मागणी महानगरात कधीच संपली नाही. नात्यातील भागीदारी, स्थिर भाड्याची जागा आणि ग्राहकाला मुक्तपणे दिलेली बैठक या तीन घटकांवर हा व्यवसाय उभा राहिला आणि याच तीन घटकांमुळे तो पुढच्या पिढीकडे व नव्या वस्तीकडे जाऊ शकला नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कल्याण-आंबिवली परिसराचा विचार या संदर्भात उपयुक्त ठरतो. कारण महानगराची वस्ती ज्या दिशेने सरकली, त्या दिशेला ही उपाहारगृहे का सरकली नाहीत, हा प्रश्न तेथे ठळकपणे उभा राहतो.

स्थलांतर व व्यवसायाची निवड

भारतात शतकानुशतके स्थायिक झालेले पारशी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले इराणी यांत फरक केला पाहिजे. धर्माने दोघेही जरथुश्त्री असले, तरी इराणी हे प्रामुख्याने यझ्द व केरमान या प्रांतांतून उशिरा आलेले लोक होत. कजार राजवटीत जरथुश्त्री प्रजेवर अनेक निर्बंध होते. मुंबईच्या पारशी समाजाच्या वतीने माणेकजी लिमजी हातरिया यांनी दीर्घकाळ प्रयत्न केल्यावर १८८२मध्ये तेथील जिझिया कर रद्द झाला. तथापि दारिद्र्य आणि असुरक्षितता यांमुळे स्थलांतर चालूच राहिले. यझ्दकडून आलेल्या काही मुस्लिम इराणी कुटुंबांनीही हाच व्यवसाय पत्करला.

या मंडळींजवळ मोठे भांडवल नव्हते. नवागताने नातलगाच्या वा गाववाल्याच्या दुकानात काम करावे, तेथेच झोपावे, बचत करावी आणि पुढे भागीदार व्हावे, असा प्रवास अनेकांच्या बाबतीत घडला. मुंबईतील कयानी आणि कंपनी (१९०४), सॅसॅनियन (१९१३), बी. मेरवान (१९१४) व ब्रिटानिया (१९२३) आणि पुण्यातील गुडलक (१९३५) ही या परंपरेतील प्रसिद्ध नावे होत.

या उपाहारगृहांचा कोणी एक मालक नव्हता, एक मुख्य कचेरीही नव्हती. तरीही चहाची चव, ब्रून-मस्का, मावा केक, टेबलांची मांडणी व सूचनांचे फलक यांत विलक्षण सारखेपणा होता. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात ज्याला प्रमाणीकरण म्हणतात, ते येथे नात्यागोत्याच्या आणि उमेदवारीच्या मार्गाने साधले गेले. या अर्थाने तिला एका मालकाची नसलेली साखळी म्हणता येईल.

उदयाची कारणे

पहिले कारण जागेचे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, त्यामुळे ती इराण्यांना सहज मिळे, असे सांगितले जाते. या समजुतीचा वाटा कितीही असो, दोन रस्त्यांवर उघडणारे दुकान गिऱ्हाईकाच्या नजरेत भरते, हा व्यापारी लाभ उघड होता.

दुसरे कारण उत्पन्नाच्या विविधतेचे. चहावर सुटणारा नफा अल्प होता. तो भरून काढण्यासाठी अनेक ठिकाणी स्वतःची भट्टी असे. तिच्यातून आजूबाजूच्या घरांना पाव, खारी व बिस्किटे जात. गल्ल्याजवळ साबण, काड्यापेट्या, दाढीची पाती असा किरकोळ माल विकला जाई. पहाटे पाळीवर जाणारा कामगार, दुपारी वर्तमानपत्र वाचणारा कारकून व सायंकाळी वाद घालणारा विद्यार्थी असा ग्राहकांचा ओघ दिवसभर टिकून राही.

तिसरे कारण सामाजिक आहे आणि ते सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. खानावळी जेव्हा जातिधर्मानुसार विभागलेल्या होत्या आणि रेल्वे स्थानकांवर हिंदू व मुसलमान प्रवाशांचे पाणीदेखील वेगळे होते, त्या काळात इराण्याचे हॉटेल सर्वसाधारणतः कोणालाही खुले होते. मालक जातिव्यवस्थेच्या बाहेरचा असल्याने विटाळाचे नियम पाळण्यात त्याचे कोणतेही हित गुंतलेले नव्हते. सोवळ्या घरांत इराण्याकडे खाणे निषिद्ध मानले जाई, यावरूनही या जागेचे वेगळेपण ध्यानात येते. सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशास भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२)ने १९५०मध्ये घटनात्मक संरक्षण दिले. त्यापूर्वीच एका व्यापारी गरजेने शेजारी-शेजारी बसण्याची सवय काही प्रमाणात लावली होती. पडद्याने वा फळ्यांनी वेगळ्या केलेल्या 'फॅमिली रूम'मुळे, घराबाहेर बसून खाणे ज्या स्त्रियांना अवघड होते, त्यांनाही कुटुंबासह तेथे येता आले.

भागीदारी : बळ आणि मर्यादा

पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या रोखीच्या व्यवसायात गल्ल्यावर विश्वासाचा माणूस लागतो. दोन, तीन वा चार भागीदार पाळीपाळीने बसत असल्याने पगारी व्यवस्थापकाची आवश्यकता भासत नसे. भांडवल विभागले जाई, श्रम विभागले जात आणि एकजण गावी वा आजारी असला तरी दुकान चालू राही.

हेच बळ दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत मर्यादा ठरले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२च्या कलम ४२नुसार वेगळा करार नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने पेढीचे विसर्जन होते. कलम ३१नुसार, करारात अन्यथा तरतूद नसेल तर, सर्व भागीदारांच्या संमतीखेरीज नवा भागीदार घेता येत नाही. एकाच गावच्या चार मित्रांत किंवा भावांत हे नियम अडचणीचे नव्हते. त्यांच्या वारसांत ते झाले.

उदाहरणादाखल चार समान भागीदारांची एक पेढी घेऊ. प्रत्येकास तीन वारस असल्यास दुसऱ्या पिढीत बारा हक्कदार होतात आणि प्रत्येकाचा वाटा एक चतुर्थांशावरून एक द्वादशांशावर येतो. यांपैकी दोघेच दुकानात राबतात आणि इतर दहा डॉक्टर, अभियंते, नोकरदार वा परदेशस्थ आहेत, असे मानू. राबणाऱ्या दोघांना दुरुस्तीवर खर्च करावासा वाटला, तर त्याचा बाराच्या हिशेबाने वाटला जाणारा लाभ त्यांना अपुरा वाटतो. न राबणाऱ्या दहांना दरमहाच्या किरकोळ नफ्यापेक्षा जागेचे एकरकमी मोल अधिक आकर्षक वाटते. येथे कोणाचीही नियत वाईट असण्याची आवश्यकता नाही. मुलांनी शिकावे, पहाटे चारला भट्टीसमोर उभे राहू नये, ही पहिल्या पिढीचीच इच्छा होती. व्यवसायाचे यश शिक्षणात रूपांतरित झाले आणि त्या शिक्षणाने व्यवसायाचा वारस काढून नेला.

भाडे नियंत्रण : तारक आणि मारक

मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाण भाड्याचा मुख्य आधार होता. दोन-चार आण्यांचा चहा घेऊन तासभर बसणाऱ्या ग्राहकाला मालक सहन करू शकला, याचे श्रेय त्याच्या उदारतेइतकेच या अधिनियमाला आहे. जागेचा खर्च नगण्य असल्याने खुर्चीचा हिशेब मिनिटांवर करावा लागत नव्हता.

मात्र या संरक्षणाचे तीन परिणाम झाले. भाड्यातून काहीच सुटत नसल्याने घरमालक इमारतीची दुरुस्ती टाळू लागले. पागडीच्या व्यवहारामुळे भाडेकरूचा जागेवरील हक्क हीच मोठी संपत्ती बनली आणि कालांतराने तिचे मोल व्यवसायाच्या मोलाहून अधिक झाले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून अमलात आला. त्यात जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. बँका आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना मात्र या संरक्षणातून वगळण्यात आले. परिणामी जुना इराणी भाडेकरू जाऊन त्याच जागी बँक किंवा मोठी कंपनी येणे हे घरमालकास फार लाभाचे ठरू लागले. कोपऱ्यावरची जी जागा एकेकाळी कोणी घेत नव्हते, तीच आता सर्वांना हवी होती.

तिसरा परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. गोठलेले भाडे जुन्या जागेला मिळाले, व्यवसायाला नव्हे. दुसरी शाखा उघडायची तर नव्या जागेचे बाजारभावाने मोल द्यावे लागे आणि त्या मोलात ही बैठक परवडत नसे. म्हणून जुने दुकान जगत राहिले. पण त्याला शाखा फुटू शकली नाही.

स्पर्धा आणि ग्राहकवर्गातील बदल

उडुपी उपाहारगृहांनी शाकाहारी मध्यमवर्गाला जलद आणि स्वस्त पर्याय दिला. दारूबंदीचे नियम शिथिल झाल्यावर काही इराणी मालकांनी स्वतःच बिअरविक्रीचा मार्ग पत्करला. त्यामुळे नफा वाढला, पण कुटुंबे व विद्यार्थी दुरावले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पाळीवरचा कामगार हा नियमित ग्राहक विरळ होत गेला. १९९६मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आले आणि त्याच वर्षी बंगळुरूत कॅफे कॉफी डेची सुरुवात झाली. बसण्याची जागा पुन्हा उपलब्ध झाली. परंतु तिचे मोल आता पेयाच्या किमतीत धरलेले होते.

कल्याण-आंबिवली परिसराचा संदर्भ

१९८३मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे १२.५ लाख होती. आंबिवलीजवळील मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना होता. रेल्वे स्थानक, कारखान्याची पाळी व कामगारवस्ती असे इराणी उपाहारगृहास पोषक वाटणारे सर्व घटक या पट्ट्यात दिसतात. तरीही येथील नव्या वस्तीत ते दक्षिण मुंबईसारखे कोपऱ्या-कोपऱ्यावरचे दृश्य झाले नाही. वस्ती वाढली तेव्हा इराणी कुटुंबांकडे नवे भागीदार होणारे तरुण उरले नव्हते आणि नव्या जागांना जुन्या भाड्याचा लाभ नव्हता. पुढे २००९मध्ये मोहन्याचा कारखानाही बंद पडला आणि पाळीच्या वेळापत्रकावर चालणारे या परिसराचे अर्थकारण विस्कटले.

या पट्ट्यात रुजले ते वेगळेच प्रारूप. गोली वडापाव या साखळीचे पहिले दुकान २००४मध्ये कल्याणमध्ये सुरू झाले. यंत्रावर तयार केलेले गोठवलेले वडे, ठरावीक कृती आणि विशेषाधिकार पद्धतीने दिलेली दुकाने ही तिची वैशिष्ट्ये होत. येथे कसबी आचारी लागत नाही, नात्यातील भागीदार लागत नाही आणि मुख्य म्हणजे ग्राहकाने बसण्याची अपेक्षा नसते. जागा महाग झाली की उपाहारगृहातून सर्वप्रथम खुर्ची जाते, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

दरम्यान जुन्या इराणी उपाहारगृहाची प्रतिमा स्वतःच विक्रेय वस्तू बनली. २०१०मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली 'डिशूम' आणि २०१३मध्ये गुरगावात सुरू झालेली 'सोडाबॉटलओपनरवाला' या साखळ्यांनी तिचे फलक, आरसे व पदार्थ नव्याने मांडले. मूळ पद्धतीला ज्या शाखा काढता आल्या नाहीत, त्या तिच्या स्मृतीने काढल्या. दर मात्र पाळीवरच्या कामगाराचे नव्हते.

निष्कर्ष

१. इराणी उपाहारगृहांचा ऱ्हास हा प्रामुख्याने रुचिबदलाचा परिणाम नसून वारसा, भागीदारी आणि जागेचे मोल यांच्या एकत्रित परिणामाचा भाग आहे.

२. नात्यातील विश्वासावर आधारलेली भागीदारी पहिल्या पिढीत भांडवलाची उणीव भरून काढते. मात्र प्रवेश व निवृत्तीचे नियम आधीच ठरलेले नसतील, तर वारसांच्या पिढीत तीच निर्णयक्षमता कुंठित करते.

३. भाडे नियंत्रणाने व्यवसायाचे आयुष्य वाढवले, परंतु त्याचा विस्तार रोखला.

४. या पद्धतीबरोबर लोप पावली ती अल्प पैशांत, जात न सांगता, घाई न करता बसण्याची सार्वजनिक जागा. वडापावच्या दुकानाने कष्टकऱ्याची भूक भागवली आणि कॉफीगृहाने सधन तरुणास बैठक दिली. कष्टकऱ्यास बैठक देणारी संस्था मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

कल्याण-आंबिवलीसारख्या वाढत्या नगरांत वाचनालये, मंडया आणि स्थानक परिसर यांचे नियोजन करताना हा अखेरचा निष्कर्ष ध्यानी घेणे अगत्याचे आहे. इराण्याने ही बैठक स्वस्त भाड्याच्या बळावर दिली. ते भाडे परत येणारे नसल्यामुळे अशी जागा यापुढे बाजाराकडून आपोआप मिळेल, असे मानण्यास आधार नाही.