एफ४६ म्हणजे काय रे भाऊ?

पॅरालिम्पिक बघताना नावापुढची ही अक्षरं बघून गोंधळ उडतो ना? सोपं आहे. एफ म्हणजे फेकीचे प्रकार, टी म्हणजे धावणं आणि उड्या. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि त्याचं प्रमाण सांगतो. ११ ते १३ दृष्टिदोष, ४६ म्हणजे एका हातात दोष, ५१ ते ५७ हे एफ गट बसून फेकणारे. आपल्या सांगली जिल्ह्यातला सचिन खिलारी याच एफ४६ मधला. पॅरिस २०२४ ला त्याने गोळा १६.३२ मीटर फेकला, आशियाई विक्रम केला आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टला, १६.३८ मीटरवर. अवघे सहा सेंटिमीटर!

आणि हो, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णही सांगलीकराचंच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात पहिले आले. पद्मश्री मात्र थेट २०१८ मध्ये. इतका उशीर का, हे मला आजही कळत नाही.

पुढचं उन्हाळी पॅरालिम्पिक २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये. तिथे दृष्टिदोष असलेल्यांचा गोलबॉल चुकवू नका: चेंडूत घुंगरं, खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी, आणि खेळ सुरू असताना प्रेक्षकांनी चिडीचूप बसायचं!